जुलैमधले अक्कांचे फोन

वाचकांच्या विचित्र अनुभवांचं हे सदर मी कधी वाचत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात ते बायको वाचते. तिनं वाचून दाखवायला सुरुवात केली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. माझा स्वभावच तसा आहे, आणि धंदाही. गेली बावीस वर्षं मी लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरतोय. माझ्या कामात कारणाशिवाय काही घडत नाही. पोर्टलनं रिटर्न घेतलं नाही तर खाली लाल अक्षरात एरर येते. त्या एररला नंबर असतो आणि त्या नंबरामागं कुणाची तरी चूक असते — माझी, क्लायंटची, नाहीतर बँकेची. शोधली की सापडते. घरात देव आहेत, पण ते बायकोचे.

तर अशा माणसाला हे लिहायला पाच महिने लागले. नावं बदलली आहेत. बाकी जसं झालं तसं लिहितोय.

माझं ऑफिस धाराशिवात आहे. (तोंडात अजून उस्मानाबादच येतं.) खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं लोखंडी जिना, वर आमची एकच खोली. दोन टेबलं समोरासमोर. एकावर मी, दुसऱ्यावर अक्का. तिसरं माणूस त्या ऑफिसात कधीच कामाला नव्हतं.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. मूळच्या उमरग्याच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या. लिंगायत घरातल्या, मातृभाषा कानडी. नवरा लवकर गेला, तेव्हा एकुलत्या मुलीला, सुजाताला, घेऊन त्या धाराशिवला आल्या. एकोणीस वर्षं माझ्याकडं होत्या. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला भाऊ. रक्ताचं नातं काही नाही.

आमच्या धंद्याचा सीझन कसा असतो ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं रिटर्न भरणं म्हणजे जुलैत कॉम्प्युटरवर चार आकडे टाकणं. तसं नसतं. एप्रिलमध्ये सॉफ्टवेअर रिन्यू करायचं, नवीन वर्षाचा अपडेट टाकायचा. मागच्या वर्षीची सगळी नावं पुढं ओढून घ्यायची. मग एकेकाला फोन. मोबाईल नंबर तोच आहे का, बँकेचं खातं चालू आहे का, आधार जोडलंय का. जूनच्या मध्यात फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, यायला लागतात, की परत फोन. फॉर्म घेऊन या, बँकेचा व्याजाचा दाखला आणा, आणि मोबाईल सोबत ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येणार. रिटर्न अपलोड झालं म्हणजे काम संपलं असं नाही. तीस दिवसांच्या आत ओटीपी टाकून ते व्हेरिफाय करावं लागतं. ते राहिलं तर भरलेलं वाया.

हे सगळे फोन अक्का करायच्या. एका साध्या बटणांच्या मोबाईलवरून, जो ऑफिसनं फक्त त्यासाठी घेतला होता. तीनशेच्या वर लोक आमचे — शिक्षक, नर्सेस, पेन्शनर, छोटे दुकानदार. सगळे अक्कांना आवाजावरून ओळखायचे, आणि मला अक्कांमुळं. उमरगा, मुरूमकडच्या लोकांशी त्या कानडीत बोलायच्या. फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं… "ऊट आतेन री?" म्हणजे जेवण झालं का. मराठी माणसालाही तेच मराठीत विचारायच्या. मला कानडीतलं तेवढं एकच वाक्य येतं.

मागच्या फेब्रुवारीत अक्का गेल्या. हार्ट. सकाळी घरीच. सुजाताचा फोन आला तेव्हा मी एका शिक्षकाच्या नोटिशीचं उत्तर टाइप करत होतो. मी "येतो" म्हणालो, उत्तराचा राहिलेला परिच्छेद पूर्ण केला, सेव्ह केला आणि मग गेलो. परिच्छेद पूर्ण का केला, मला माहीत नाही. मातीला गेलो, परत आलो, दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिस उघडलं.

त्यानंतर मला काही वाटलं नाही. हे मी लपवत नाही. दुःख झालं असं म्हणालो तर खोटं होईल. बायको म्हणाली, "रडा तरी एकदा, मोकळं वाटंल." रडू येत नव्हतं. जेवायचो, झोपायचो, कामावर यायचो. समोरच्या टेबलावर त्यांचा चष्म्याचा डबा होता, तो तिथंच राहू दिला. बटणांचा मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. दिवसकार्यानंतर मी सुजाताला भेटलो नाही, फोनही केला नाही. अक्कांनी माझ्याकडं एकोणीस वर्षं काढली आणि मी त्यांच्या मुलीला एक फोन केला नाही.

मार्च, एप्रिल, मे… सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचे मेसेज येत राहिले, ते मी जूनमध्ये केलं. नावं पुढं ओढली. फोन मात्र एकालाही केला नाही. करायला घेतला की हात तिथंच थांबायचा. ठरवलं — जे येतील त्यांचं करू, येणार नाहीत ते दुसरीकडं जातील. पुढच्या वर्षी ऑफिसच बंद करायचं, असंही मनात होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पंधरा-वीस जण आपापले आले. त्यांची रिटर्न्स मी भरली. आकडे टाक, व्हॅलिडेट कर, अपलोड कर. त्यात परंड्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रातल्या शेख सिस्टर होत्या. "अक्का कुठं गेल्या?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी "आज नाहीत" म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण खरंही सांगितलं नाही. मग सगळ्यांनाच तसं सांगत गेलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेरचे माने गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, वय सत्तरच्या पुढं, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी कागद काढले… पेन्शनचा फॉर्म, दोन्ही बँकांचे व्याजाचे दाखले, आधार, पासबुकाची झेरॉक्स. सगळं क्रमानं, टाचणी लावून.

मी म्हणालो, "गुरुजी, या वर्षी तर मी फोनही केला नाही, आणि तुम्ही एवढं तयार होऊन आलात."

"तुमी न्हाय केला, पर अक्कांनी केला की," गुरुजी म्हणाले. "परवा दुपारी. म्या नुकताच जेवून बसलो व्हतो. दुसऱ्या बँकेचा दाखला इसरू नका म्हनल्या. मागल्या साली इसरलो व्हतो ना."

मागच्या वर्षी ते खरंच विसरले होते. मला वाटलं, वय झालंय, मागच्या वर्षीचा फोन आठवत असेल. रिटर्न भरलं, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला, टाकला, पोचपावती दिली. ते गेले.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. दोघांनाही अक्कांचा फोन आला होता. त्या आठवड्यात मी मोजले — अकरा जण. कुणी शिक्षक, कुणी एसटीतला कंडक्टर, एक पोस्टातल्या बाई. ते एकमेकांना ओळखत नव्हते. फोन दुपारीच आलेला, जेवण झालं का विचारलेलं, आणि नेमके लागतील तेच कागद सांगितलेले. पोस्टातल्या बाईंना मी म्हणालो, "जरा नंबर बघू." त्यांनी मोबाईल वर-खाली केला. "हितंच होता की… सोमवारचा." नंबर सापडला नाही. त्या ओशाळल्या, म्हणाल्या, "पोरीनं डिलीट केला असंल."

तुम्ही विचाराल, घाबरलात का? नाही. हेच मला आज जास्त विचित्र वाटतं. मी घाबरलो नाही, दचकलो नाही, घरी सांगितलं नाही. फोन आला होता म्हणाले की मी "बरं" म्हणायचो आणि फॉर्म सोळा पुढं ओढायचो. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालेलं होतं. त्यातून काही आत येत नव्हतं.

मग शिवलिंगप्पा आले.

मुरूमच्या पुढं त्यांचं कापडाचं दुकान आहे. मराठी समजतं, पण बोलताना अडखळतात. दरवर्षी ते अक्कांच्या टेबलासमोर बसायचे, दोघं कानडीत बोलायचे आणि अक्का मला मराठीत सांगायच्या. त्या दिवशी ते येऊन माझ्यासमोर बसले. कपाळावर विभूती, खिशात नवा कोरा मोबाईल.

मी सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं नाव उघडलं. "नंबर तोच आहे ना?"

"इल्ला, न्हाय," ते म्हणाले. "जुना फोन गेला. बाजारात गेला, चोरी. नवा नंबर घेतलो. पंधरा दिवस झाले."

मी म्हणालो, "मग अवघड आहे. आधारला जुना नंबर असेल. ओटीपी जुन्या नंबरवर जाईल. आधी आधार केंद्रात जाऊन—"

"झालं ते," त्यांनी हात हलवला. "अक्का सांगितल्या. आधी आधारला नवा नंबर जोडा, मग भाऊकडं जावा, न्हायतर दोन खेपा हुतात. जोडलो. मेसेज आला. मग आलो."

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. "अक्कांनी कुठल्या नंबरवर फोन केला?"

त्यांनी नवा मोबाईल वर धरला. "ह्याच्यावर."

"हा नंबर तुम्ही कुणाकुणाला दिलाय?"

"पोराला. दुकानात माल देतो त्याला. बास." ते माझ्याकडं बघायला लागले. "का हो?"

"काही नाही. काय म्हणाल्या अक्का… कानडीत बोलल्या?"

"मग? कानडीतच की," ते हसले. "ऊट आतेन री म्हनाल्या. माझी बायकू पण बोलली त्यांच्यासंगं."

सॉफ्टवेअरमध्ये शिवलिंगप्पांचा जुनाच नंबर होता. तो नवीन नंबर माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही कागदावर नव्हता. तोवर मला एक शंका येत होती, ती सांगतो… मला वाटायचं, हे फोन मीच करत असेन. माणूस बधिर झाला की काय करतो त्याचं त्याला कळत नाही. मी दुपारी फोन करत असेन आणि विसरत असेन, आणि लोक आवाजात गल्लत करत असतील. पण मला कानडी येत नाही. शिवलिंगप्पांच्या बायकोशी कानडीत मी बोललो नव्हतो.

ते गेल्यावर ड्रॉवर उघडला. बटणांचा मोबाईल मेलेला होता. चार्जिंगला लावला, अर्ध्या तासानं चालू केला. त्यातला शेवटचा कॉल फेब्रुवारीतला, अक्का गेल्या त्याच्या आदल्या दिवशीचा. रिचार्ज संपून महिने झाले होते. एक नंबर लावून बघितला, तर सेवा बंद असल्याचं रेकॉर्डिंग वाजलं. मोबाईल परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खाली जाऊन चहा प्यालो.

चार दिवसांनी भर दुपारी शेख सिस्टरांचा फोन आला.

"भाऊ, मेरा ओटीपी राह्यलाय म्हनते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणला होता, झालंय सगळं."

"कोण म्हणतं राहिलाय?"

"अक्का. आत्ता फोन आला. म्हणल्या, सिस्टर, तुमचं रिटर्न अपलोड झालंय पण ओटीपी टाकायचा राहिलाय, भाऊच्या ध्यानात नाही, तुम्ही आठवण करा. म्हणून केला मी."

"सिस्टर, नक्की अक्काच होत्या?"

"अल्ला, आता आवाज ओळखत नाही का मी! बारा साल झाले." त्या जरा चिडल्याच. "बघा ना तुम्ही आधी, राह्यलाय का नाही ते."

मी बघितलं. सिस्टर आल्या होत्या त्या दिवशी पोर्टल अडकत होतं, ओटीपी येत नव्हता. मी म्हणालो होतो, नंतर करू. नंतर केलंच नाही. मग पूर्ण यादी उघडली. जूनच्या त्या आठवड्यातली सतरा रिटर्न्स तशीच पडून होती. अपलोड झालेली, व्हेरिफाय न झालेली. आधी कुणाचा ओटीपी राहिला की अक्का वहीत लिहून ठेवायच्या आणि संध्याकाळच्या आत फोन करायच्या. मला ती वहीसुद्धा आठवली नव्हती. त्यातल्या पहिल्या काही रिटर्न्सची तीस दिवसांची मुदत तीन दिवसांवर आली होती.

सतरा लोक. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून कागद दिले होते, आणि मी त्यांना पोचपावतीसारखा दिसणारा एक कागद देऊन घरी पाठवलं होतं. माझ्या हातून अशी चूक बावीस वर्षांत झाली नव्हती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती झालीय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. मलाच नव्हतं.

तिथं मी पहिल्यांदा घाबरलो.

मग मी फोन करायला बसलो. दीडपासून साडेपाचपर्यंत, सगळ्या सतरा जणांना. "तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, ते मला सांगा." पंधरा जणांचं त्याच दिवशी झालं, दोघांचं दुसऱ्या दिवशी सकाळी. सिस्टरांखेरीज त्यातल्या कुणालाही अक्कांचा फोन आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिस बंद केलं आणि सुजाताकडं गेलो. ती एका मेडिकल दुकानात कामाला आहे, जेवायला घरी येते. दार उघडून तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती बाजूला झाली. खोलीत अक्कांचा फोटो होता. मी त्याच्याकडं पाठ होईल असा बसलो. ठरवून नाही, तीच खुर्ची मोकळी होती.

मी तिला सगळं सांगितलं. गुरुजी, पोस्टातल्या बाई, शिवलिंगप्पा, सिस्टर, सतरा रिटर्न्स. तिनं ताटातला घास तसाच ठेवला.

शेवटी म्हणाली, "मामा, तुम्हाला आला का फोन?"

"नाही."

"एकदा पण नाही?"

"नाही."

"मला पण नाही," ती म्हणाली. "मी आईचा मोबाईल अजून रिचार्ज करते. दर महिन्याला. उशाला ठेवते. मला नाही आला."

मी म्हणालो, "अक्कांचं या वर्षीचं रिटर्न भरायचं राहिलंय. वारस म्हणून तुला भरावं लागंल. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, त्यांचं पॅन, तुझं पॅन… ते घेऊन ये. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं."

"येते," ती म्हणाली.

ती दोन दिवसांनी आली. अक्कांच्या खुर्चीवर बसू का, असं विचारून बसली. आधी पोर्टलवर तिची वारस म्हणून नोंद करावी लागते आणि मंजुरी यायला दिवस जातात. तोवर सॉफ्टवेअरमध्ये बाकीचं भरून ठेवावं म्हणून मी अक्कांचं नाव उघडलं. प्रत्येक नावाच्या तळाला शेऱ्याचा एक रकाना असतो. तो अक्का भरायच्या, मी कधी खाली जाऊन वाचत नव्हतो. त्या दिवशी मृत्यूची नोंद टाकायला खाली गेलो तर तिथं लिहिलेलं होतं:

'फोन नको. समोरच बसते.'

सुजातानं वाचलं. म्हणाली, "माझं उघडा."

तिचंही रिटर्न आम्हीच भरतो. तिच्या शेऱ्यात होतं — 'घरी सांगते.'

मग मी माझं उघडलं. 'भाऊंना तोंडी.'

नोंदी जुन्या होत्या, कधीच्या काळी टाइप केलेल्या. त्यात चमत्कारिक काही नाही, कामाच्या सोयीसाठी लिहिलेलं असणार. पण सुजाता टेबलावर डोकं टेकवून रडायला लागली. बराच वेळ रडली. मी उठून पंखा वाढवला, पाणी आणून ठेवलं. मला अजून रडू येत नव्हतं. पण पाय दुखायला लागले होते — बसून-बसून मुंग्या आल्या की सुटताना दुखतात, तसे.

जुलै संपेपर्यंत लोक येत राहिले. बहुतेक जण फोन आला म्हणूनच आले. रिटर्न भरायच्या मुदतीचा शेवटचा दिवस झाला आणि ते फोन थांबले. त्यानंतर उशिरानं चार-पाच जण आले, त्यांना कुणाचाच फोन आलेला नव्हता.

ऑगस्टमध्ये मी आणि सुजातानं एक काम केलं. यादी काढली आणि सगळ्यांना फोन करून सांगितलं की अक्का फेब्रुवारीतच गेल्या. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, माझी चूक झाली. उमरग्याकडच्या लोकांशी सुजाता कानडीत बोलली. ती मेडिकलमधून दुपारी दोन तास यायची. आठ-दहा दिवस लागले. कुणी विश्वास ठेवला नाही, कुणी देवाचं नाव घेतलं. शेख सिस्टर म्हणाल्या, "मी काही विचारत नाही, भाऊ. तुम्ही पण विचारू नका." शिवलिंगप्पांच्या बायकोनं फोन ठेवूनच दिला.

तेरच्या गुरुजींना मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "फेब्रुवारीत?"

"हो गुरुजी."

"मग माझ्यासंगं कोन बोललं?"

"मला माहीत नाही."

मग गुरुजी म्हणाले, "त्यांला कोन हाय मागं?"

"एक मुलगी आहे. इथंच बसलीय माझ्याजवळ."

"मग तिला सांगा," गुरुजी म्हणाले. "मागल्या साली फोनवर अक्कांना लई दम लागायचा. एक वाक्य झालं की थांबायच्या. म्या म्हनायचो, बाई, दवाखान्यात दाखवा. ह्या टायमाला दम न्हाय लागला. एका दमात बोलल्या सगळं. चांगल्या व्हत्या. येवढं सांगा पोरीला."

मी फोन ठेवला. सुजाता विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. मला सांगता येईना. अक्कांना दम लागत होता. तेरला बसलेल्या माणसाला फोनवरून कळत होतं आणि मी चार फुटांवर समोर बसत होतो. मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ऑगस्टमधल्या भर दुपारी, खाली झेरॉक्सची मशीन चालू असताना, मी तेव्हा रडलो. सहा महिन्यांनी.

नंतर सुजाताला गुरुजींचा निरोप सांगितला. जसाच्या तसा.

आता तुम्ही म्हणाल, याचं काहीतरी कारण असेल. मीही तेच म्हणत होतो, अजून म्हणतो. माहितीतल्या एकाला विचारलं, तर म्हणाला, दुःखात माणसं असं ऐकतात. पण दुःखात तर मी आणि सुजाता होतो, आणि आम्ही काहीच ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना अक्का गेल्याचं माहीतच नव्हतं. शिवलिंगप्पांचा नंबर, ते सतरा ओटीपी… मी पुन्हा पुन्हा मांडून बघितलंय. मला एकही एरर नंबर सापडला नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मी वाचेन.